यंत्र थांबते तेव्हा काय उरते?



एका आईची आणि तिच्या मुलाची कथा प्रथम ऐकावी. दोघे पृथ्वीच्या दोन टोकांना, जमिनीच्या पोटात, मधमाशीच्या पोळ्यातील कप्प्यांसारख्या षट्कोनी खोल्यांत राहतात. त्या काळी सगळेच लोक असे राहतात. प्रत्येकाला एकेक खोली. कळ दाबली की अन्न येते, बिछाना येतो, स्नानाचे पाणी येते, संगीत ऐकू येते. हवा आणि प्रकाश पुरवण्याचे कामही एक विश्वव्यापी यंत्रच करते. आईचे नाव वाश्ती. हजारो माणसांशी तिची ओळख आहे. खोलीत बसूनच ती त्यांना व्याख्याने देते आणि त्यांची व्याख्याने ऐकते. मुलाचे नाव कुनो. एके दिवशी एका गोल तबकडीवर त्याचा चेहरा उमटतो आणि आपल्याकडे येण्याची विनंती तो आईला करतो. आई त्याला पाच मिनिटे देऊ करते. बोलणे चालू आहे, चेहराही दिसतो आहे, मग भेटायचे ते आणखी कशासाठी, हे तिला उमगत नाही. तबकडीवरची प्रतिमा म्हणजे आई नव्हे, हे मुलाचे म्हणणे तिला हट्ट वाटते.

ही कथा इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी लिहिली. तिचे नाव ‘द मशीन स्टॉप्स’, म्हणजे ‘यंत्र थांबते’. ती 1909 साली प्रसिद्ध झाली. दूरचित्रवाणी तर सोडाच, तेव्हा नभोवाणीही सुरू झालेली नव्हती. फॉर्स्टर यांचे नाव आपणांस अगदीच परके वाटण्याचे कारण नाही. सर सय्यद अहमद खान यांचे नातू सय्यद रॉस मसूद इंग्लंडमध्ये शिकत असताना, 1906 मध्ये, फॉर्स्टर त्यांचे लॅटिनचे शिक्षक झाले आणि गुरु-शिष्यांची आयुष्यभराची मैत्री जडली. मसूद पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1912 मध्ये फॉर्स्टर समुद्र ओलांडून मित्राच्या देशात आले. 1921 मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या मराठा संस्थानिकांचे खाजगी चिटणीस म्हणून त्यांनी काम केले आणि ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही कादंबरी मसूद यांनाच अर्पण केली. पत्रव्यवहारावर समाधान न मानता मित्राच्या दारी जाणाऱ्या माणसाने ही कथा लिहिली आहे, एवढे ध्यानात ठेवून ती वाचावी.

कथेचा उरलेला भाग असा. मुलाच्या आग्रहाखातर वाश्ती विमानाने निघते. वाटेत तिचा तोल जातो, एक सेविका तिला सावरण्यासाठी हात पुढे करते, तेव्हा वाश्ती संतापते. कारण माणसाने माणसाला स्पर्श करण्याची रीतच त्या जगातून नाहीशी झाली आहे. खाली हिमालय दिसतो, तर ती खिडकीचा पडदा ओढून घेते. मुलासमोर उभी राहिल्यावरही ती त्याचा हात हाती घेत नाही. कुनो तिला सांगतो, की आपण विनापरवाना वर जाऊन उघडी जमीन, टेकड्या आणि आकाश पाहून आलो. आईला त्याची लाज वाटते. पुढे वर्षे लोटतात. लोक यंत्राची प्रार्थना करू लागतात. यंत्र वापरण्याच्या सूचनांचे पुस्तक धर्मग्रंथ बनते. मग यंत्र बिघडू लागते. संगीतात घरघर येते, पाण्याला दुर्गंधी येते. लोक तक्रार करतात आणि थोड्याच दिवसांत त्या बिघाडाला सरावतात. अखेर एके दिवशी यंत्र थांबते. अंधाऱ्या बोगद्यात आई आणि मुलगा एकमेकांना भेटतात, स्पर्श करतात आणि तेथेच त्यांचा अंत होतो.

‘यंत्र वाईट, जुने दिवस चांगले’ एवढाच निष्कर्ष या कथेतून काढणे सोपे आहे. परंतु तो अपुरा आहे. कथा आपणांस याहून अवघड प्रश्न विचारते: आपल्या वतीने यंत्र काय पोचवू शकते, आणि काय आपले आपणच पोचवावे लागते? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी कोयनानगरकडे पाहावे. तेथे एका पहाटे यंत्र खरोखरच थांबले होते.

कोयनानगरची पहाट

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयनानगर ही धरणाच्या कामासाठी वसलेली वसाहत. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावून दक्षिणेकडे वाहणारी आणि मग पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळणारी कोयना येथे 103 मीटर उंचीच्या भिंतीने अडवली आहे. भिंतीमागे पसरलेल्या शिवाजीसागराची साठवण क्षमता सुमारे 105 अब्ज घनफूट आहे. हे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे उतरते, चिपळूणजवळ पोफळीला डोंगरात कोरलेल्या भूमिगत वीजगृहातील टर्बाइन फिरवते आणि वाशिष्ठी नदीला मिळते. 1962 पासून येथे वीज तयार होऊ लागली. टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन प्रकल्पाची एकूण क्षमता 1,960 मेगावॅट झाली. महाराष्ट्रातील असंख्य घरांत कळ दाबल्यावर जो उजेड पडतो, त्यातील काही भाग या डोंगराच्या पोटातून येतो. फॉर्स्टरच्या कथेत यंत्र जमिनीखाली आहे आणि त्याचा लाभ घेणाऱ्याला ते दिसत नाही. आपली स्थितीही याहून फार वेगळी नाही.

11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांच्या सुमारास कोयनेच्या परिसराला 6 पेक्षा अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे 180 माणसे मृत्युमुखी पडली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगरमधील बहुतांश घरे पडली किंवा मोडकळीस आली. वीजगृह बंद पडले आणि त्याचा फटका दूर मुंबईच्या कारखान्यांपर्यंत पोचला. मोठ्या जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळण्याच्या जगातील ठळक उदाहरणांत कोयनेचे नाव आजही घेतले जाते.

त्या दिवशी हिजरी सन 1387 चा रमजान चालू होता. पहिला आठवडा नुकताच उलटला होता. रोजे धरणाऱ्या घरांत सेहरीसाठी उठण्याची ती वेळ. डिसेंबरची थंडी, डोंगरी प्रदेश आणि पायांखाली हलणारी जमीन. अशा वेळी कोणतीही कळ उपयोगाची नसते. भूकंपात पहिली मदत पोचते ती शेजाऱ्याची. बाहेरची मदत तुटलेले रस्ते आणि तारा सांधून मग येते. ढिगाऱ्याखालून येणारी हाक ज्याला ऐकू जाते आणि ज्याचा हात तेथवर पोचतो, तोच त्या क्षणी कामाचा. आणि हाक कोणत्या कोपऱ्यातून येत असेल, या घरात माणसे किती आणि म्हातारे माणूस कोठे निजते, हे शेजाऱ्याला आधीपासून ठाऊक असेल, तर तो हात लवकर पोचतो. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे, की जिब्रील (अ.) शेजाऱ्याविषयी इतके वारंवार बजावत राहिले, की शेजाऱ्याला वारसाहक्कच दिला जाईल की काय, असे वाटू लागले. ही हदीस आपण अनेकदा ऐकतो. तिचा अर्थ भूकंपाच्या पहाटे जितका स्पष्ट होतो, तितका एरवी क्वचितच होतो.

येथे एक सावधगिरी हवी. कोणा गावावर संकट आले म्हणजे ते त्या गावच्या लोकांना मिळालेले शासन होय, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. इमारतीखाली दबून मरण पावलेल्या श्रद्धावंताला हदीसमध्ये शहिदांत गणले आहे. आपत्तीतून धडा घ्यायचा तो स्वतःसाठी. दुसऱ्याचा निवाडा करण्यासाठी नव्हे.

उपासना की राखण?

कथेतील यंत्र आणि कोयनेचे यंत्र यांच्यात एक मोठा भेद आहे. भूकंपानंतर कोयनेच्या भिंतीला, विशेषतः तिच्या उंच भागांना, वरच्या बाजूस भेगा गेल्याचे आढळले. अभियंत्यांनी त्या तपासल्या, भरल्या आणि पुढे भिंतीच्या पाठीमागे काँक्रीटचे आधार उभारून ती बळकट केली. या परिसरातील भूकंपांची नोंद आजही अखंड चालू आहे. या लोकांनी यंत्राची पूजा केली नाही. त्यांनी त्याच्यावर शंका घेतली, म्हणूनच त्यांना त्याची राखण करता आली. कथेतील माणसे नेमकी उलट वागतात. यंत्र समग्र जाणणारा कोणीही त्यांच्यात उरलेला नाही. बिघाड दिसतो, पण यंत्र चुकूच शकत नाही या श्रद्धेमुळे ते बिघाडालाच नियम मानू लागतात. त्यांच्या नाशाची सुरुवात यंत्र थांबल्या दिवशी झाली नाही; दुर्गंधीची सवय झाली तेव्हाच ती झाली होती.

पवित्र कुरआनच्या सूरह ताहामध्ये सामरीने घडवलेल्या वासराचा प्रसंग आहे. लोकांच्याच दागिन्यांतून घडलेल्या त्या वासरातून आवाज निघत होता आणि लोक त्याच्यापुढे झुकले. तेथे कुरआन विचार करायला लावतो तो दोन गोष्टींचा: ते वासरू त्यांना उत्तर देत नव्हते आणि त्यांचे भले-बुरे करण्याची सत्ता त्याच्याकडे नव्हती. आजची यंत्रे उत्तर देतात, चांगल्या भाषेत देतात आणि मध्यरात्रीही देतात. म्हणून दुसरी कसोटी आज अधिक महत्त्वाची ठरते. जे आपल्याच हातांनी घडवले, जे एका धक्क्याने बंद पडते, त्याच्यावर कोणता भार टाकावा आणि कोणता टाकू नये, हे ठरवणे माणसाचे काम आहे. यंत्र ही अल्लाहने दिलेल्या बुद्धीतून लाभलेली देणगी आहे. तिचा उपयोग करणे कृतज्ञता आहे, आणि तिच्यावाचून आपण कोणीच नाही असे मानू लागणे ही गुलामी आहे.

कळीच्या पलीकडचा माणूस

एकाकीपण म्हणताच आपल्यासमोर खोलीत एकटा बसलेला माणूस येतो. परंतु कथेत एकाकीपणाचा आणखी एक प्रकार आहे. वाश्ती कळ दाबते, अन्न येते; ते कोठून येते, त्यासाठी कोणाला काय सोसावे लागले, हा प्रश्न तिला पडत नाही. यंत्र वस्तू पोचवते आणि त्या वस्तूमागचा माणूस झाकून टाकते.

कोयनेच्या विजेमागेही माणसे आहेत. शिवाजीसागर भरला तेव्हा खोऱ्यातील गावांची शेते आणि घरे पाण्याखाली गेली. तेथील कुटुंबे विखुरली. काही जवळच्या डोंगरउतारांवर सरकली, काही सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत वसवली गेली. एका शिवारात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेले भाऊबंद आणि शेजारी एकमेकांपासून तुटले. त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अर्धशतक उलटूनही पुरता मिटला नाही आणि त्यासाठी त्यांना वारंवार आंदोलने करावी लागली. कथेत ‘बेघर करणे’ ही सर्वांत मोठी शिक्षा आहे. येथे मात्र कोणताही अपराध नसताना, इतरांना उजेड मिळावा म्हणून, माणसांनी घर सोडले.

जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही आभार मानत नाही, अशा आशयाची हदीस आहे. ज्यांना आपण कधी पाहिले नाही, त्यांचे आभार कसे मानावेत? निदान ते आहेत हे मुलांना सांगावे. दिवा लावताना एखाद्या दिवशी घरात हा विषय काढावा, की हा उजेड कोणत्या नदीचा आणि त्यासाठी कोणाचे गाव गेले. प्रकल्पग्रस्तांची मागणी वर्तमानपत्रात वाचली, तर ती परक्यांची कटकट समजून पान उलटू नये. ज्याला कळीमागचा माणूस आठवतो, तो वाश्तीच्या खोलीतून एक पाऊल बाहेर आला आहे.

प्रतिमा आणि हक्क

आता आपल्या घराकडे वळू. चिपळूण, खेड, दापोलीपासून पाटण-कराडपर्यंत अशी असंख्य मुस्लिम कुटुंबे आहेत, ज्यांचा मुलगा दुबईत, कुवेतमध्ये किंवा मुंबईत आहे आणि आई-वडील गावी आहेत. कथेत मुलगा आईला बोलावतो. आपल्याकडे बहुधा आई मुलाला विचारते, ‘बाळा, कधी येणार?’ मुलगा पडद्यावर हसतो, घराचे छप्पर, गुडघेदुखी, औषधे यांची चौकशी करतो आणि पैसे पाठवतो. याला वाश्तीचे वर्तन म्हणणे अन्यायाचे होईल. पोटासाठी समुद्रापार गेलेल्या मुलाने रोज आईचा चेहरा पाहणे ही सिलारहमीच आहे. पूर्वी पत्राला आठवडे लागत, आणि आईच्या आजाराची वार्ता कित्येकदा तिच्या दफनानंतर पोचे. ज्याला येणे शक्य नाही, त्याच्यासाठी यंत्राने पोचवलेला शब्द ही मोठी नेमत आहे. 2020 साली टाळेबंदीत मशिदींची दारे बंद होती, तेव्हा हे आपण सर्वांनी अनुभवले.

अडचण तेथे सुरू होते, जेथे येणे शक्य असूनही पडदा पुरेसा वाटू लागतो. आजारी चुलता पलीकडच्या गल्लीत आहे, पण चौकशी संदेशावर होते. शेजारच्या घरात मय्यत झाली आहे, पण सांत्वनाचा तयार मजकूर पुढे पाठवला की मन मोकळे होते. ईदची गळाभेट चित्रावर उरकते. एकाच ओटीवर आजोबा, मुलगा, सून आणि नातवंडे बसलेली असतात आणि प्रत्येकाच्या हातात एकेक तबकडी असते. कोणाचे कोणाशी भांडण नसते, कोणी कोणाला सोडलेले नसते. म्हणूनच हे एकाकीपण ध्यानात येत नाही.

सहीह मुस्लिममध्ये एक हदीसे-कुदसी आहे. तिचा आशय असा: निवाड्याच्या दिवशी अल्लाह माणसाला विचारील, की मी आजारी होतो, तू मला भेटायला का आला नाहीस? माणूस म्हणेल, हे प्रभो, तू तर साऱ्या विश्वांचा पालनकर्ता, तुला मी कसा भेटणार? तेव्हा उत्तर मिळेल, की माझा अमुक दास आजारी होता. त्याला भेटला असतास, तर मी तुला त्याच्यापाशी आढळलो असतो. येथील ‘त्याच्यापाशी’ या शब्दावर थोडे थांबावे. आजाऱ्याची बातमी कळणे वेगळे आणि त्याच्यापाशी असणे वेगळे. पडद्यावर रुग्णाचा चेहरा दिसतो, पण त्याच्या खोलीतला कोंदट वास येत नाही, त्याच्या कपाळाचा ताप हाताला लागत नाही, पाण्याचा तांब्या रिकामा आहे हे दिसत नाही आणि त्याची सेवा करून थकलेल्या सुनेचा चेहरा चौकटीच्या बाहेर राहतो. आपण त्याला किती दिसलो, एवढ्याने त्याचा हक्क फिटत नाही. त्याच्या गरजेला आपण हाताशी होतो का, यावरून तो फिटतो.

वाश्तीला स्पर्शाचा तिटकारा आहे. आपल्या दीनने मात्र स्पर्शालाही पुण्याचे स्थान दिले आहे: दोन मुस्लिम भेटून मुसाफहा करतात, तेव्हा विलग होण्यापूर्वी त्यांना क्षमा केली जाते, असे हदीस सांगते. नमाजच्या रांगेत खांद्याला खांदा लागतो, आणि जनाजाही खांद्यावरूनच जातो.

वाश्तीला वाटते, की ज्ञान आयते कानी पडते आहे, मग प्रवासाची यातायात कशाला? याच्याशी ह. जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांचे उदाहरण ताडून पाहावे. ह. अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) यांच्याकडे असलेली केवळ एक हदीस प्रत्यक्ष त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी ते महिनाभराचा प्रवास करून गेले, अशी नोंद इमाम बुखारी यांनी केली आहे. ती हदीस दुसऱ्याकडून त्यांच्या कानी आलेलीच होती. तरीही ते गेले, कारण शब्द कोणाकडून आला आणि तो सांगणारा माणूस कसा आहे, याची जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर मानली. आज आपल्या हातात क्षणाला दहा ‘हदीसा’ येऊन पडतात. त्यांपैकी किती खऱ्या, हे न पाहता आपण त्या पुढे ढकलतो. वाश्तीच्या जगात असेच चालते. तेथे स्वतः पाहून आलेल्या माणसापेक्षा दहा तोंडांतून आलेले मत अधिक विश्वसनीय मानले जाते.

एक साधी कसोटी

मग करावे काय? फोन विहिरीत टाकावा, असे कोणी म्हणत नाही. कथेच्या आणि कोयनेच्या आधाराने एक साधी कसोटी लावून पाहता येईल: हे यंत्र मला माणसाकडे नेते आहे, की माणसाकडे जाण्यापासून सोडवते आहे? संदेश पाठवल्यानंतर पाय दाराकडे वळत असतील, तर यंत्र सेवक आहे. संदेश पाठवला म्हणून पाय घरातच राहत असतील, तर त्याने आपल्यावरचा हक्क फेडलेला नाही, त्या हक्काची आठवण तेवढी पुसली आहे.

ही कसोटी आपल्या घरी लावावी. या आठवड्यात आजाऱ्याची चौकशी फोनवर केली असेल आणि घर चालत जाण्याइतके जवळ असेल, तर चालत जावे. परदेशी असलेल्या मुलाने सुट्टीचे दिवस ठरवताना आईचे वय मोजावे. मिस्त्रीला घराची भिंत दाखवतो, तशी अधूनमधून आपल्या नात्यांचीही भिंत तपासावी. भेग बारीक असतानाच भरता येते. आणि शेजारच्या घरात किती माणसे राहतात, त्यांचे म्हातारे माणूस कोणत्या खोलीत निजते, हे माहीत करून घ्यावे. भूकंप नसतानाही ही माहिती उपयोगी पडते.

फॉर्स्टरच्या कथेत आई आणि मुलगा भेटतात ते सर्व काही संपल्यावर. त्या भेटीत प्रेम आहे, क्षमा आहे, पण एकमेकांसाठी काही करायला वेळ उरलेला नाही. आपल्याकडे अजून वेळ आहे. आपले दिवे लागलेले आहेत, रस्ते चालू आहेत आणि ज्यांचे हक्क आपल्यावर आहेत, त्यांपैकी पुष्कळ जण हयात आहेत.

अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या देणग्यांचा योग्य उपयोग करण्याची आणि एकमेकांचे हक्क स्वतः जाऊन फेडण्याची सुबुद्धी देवो. आमीन.